माहेरी निघालेला जनरेटर

काकांचं वजन किती, हा प्रश्न मी त्यांना चारचौघांत विचारला तेव्हा माझ्या मनात आदराशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

"कायले पाहिजे तुले?" काकांनी विचारलं. ते अंगणात खाटेवर बसून चहात टोस्ट बुडवत होते.

"ट्रॉलीच्या समतोलासाठी."

"मंजे?"

"मंजे तुम्ही ट्रॉलीत समोरच्या बाजूला बसले, तर मागचा भार तोलला जाईल."

काकांचा टोस्ट चहात पडला. त्यांनी बाबांना हाक मारली, "भाऊ, तुझा पोट्टा मले गोटा समजून राहिला!"

तेव्हा गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. आमचा डेकोरेशनचा धंदा आहे. म्हणजे लग्नात, बारशात, गणपतीत लायटिंग करायची आणि वीज गेली की जनरेटर लावायचा. वीज आमच्याकडे जातेच, त्यामुळे धंदा बरा चालतो. जनरेटर चाकांच्या ट्रॉलीवर पक्का बसवलेला आहे. मधोमध दोन मोठी चाकं, आणि समोर दांड्याखाली एक लहानसं, जागेवर ढकलायला. आधी ती ट्रॉली शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढली जायची. गेल्या वर्षी बाबांनी जुना पिकअप घेतला, त्याला मागे हूक वेल्डिंग करून घेतलं आणि जाहीर केलं, "आता कोनाच्या ट्रॅक्टरची वाट पाहाची गरज नाई."

आणि त्याच दिवाळीत, इतक्या वर्षांनी, मामाचा फोन आला.

मामा म्हणजे आईचा सख्खा मोठा भाऊ. चिचगडच्या पलीकडे, जंगल संपतं तिथे त्याचं गाव. गावचा तलाव त्याच्या पणजोबांनी बांधला, हे तो पाणी मागितलं तरी सांगतो. बाबांनी शेती सोडून वायरी हातात घेतल्या तेव्हा एका लग्नात, भर पंगतीत तो म्हणाला होता, "आमच्या घरचा जवाई दुसऱ्याच्या मांडवात बल्ब लावते." आई तिथल्या तिथे म्हणाली, "बल्ब लावते, कोनाच्या घरात आग तं नाई लावत!" त्या वाक्यानंतर आईचं माहेर बंद झालं.

आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. (पुण्याकडच्या वाचकांनी भाजी डोळ्यांसमोर आणू नये.) मंडई म्हणजे दिवसभराची जत्रा, संध्याकाळी नाटक, आणि घरोघरी माहेरी आलेल्या लेकी. गावातली एकूण एक लेक त्या दिवशी माहेरी असते. आई मात्र दरवर्षी त्या दिवशी घर सारवायची. फरशी बसवली तरी सारवायची.

फोन मामाने बाबांना केला. "यंदा आमच्या मंडईले तुमचा जनरेटर आना. शांतालेबी आना." एवढंच. पण आईने ते वाक्य उलट्या क्रमाने ऐकलं. तिच्या कानी आधी शांता आली, मग जनरेटर.

त्या दिवसापासून घराला मुंगळे लागले. नव्या तांदळाची पोती, पोह्यांचं पोतं, मळ्यातले कोहळे (लाल भोपळे, एकेक असा की दोन्ही हातांनी उचलावा), चिवड्याचे डबे. पिकअपच्या मागे दिव्यांच्या पेट्या आणि लोखंडी पाइप आधीच भरलेले. ट्रॉलीत समोर डिझेलचे डबे आणि वायरींची भेंडोळी. उरली ती ट्रॉलीची शेपटी. आईने सगळं माहेरचं सामान तिथे रचायला सांगितलं.

"आई, इतका भार मागे नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"चाकांच्या मागे भार गेला की समोरचा दांडा वर उचलला जातो. पिकअपची मागची चाकं हलकी होतात. मग ट्रॉली डोलते."

"मंग वायरी मागं टाक अन पोती समोर आन."

"वायरीले हात लावाचा नाई," बाबा म्हणाले. "मी लावल्या त्या क्रमानं लावल्या. तिथं इस्कटल्या तं नाटक बिना उजेडाचं होईन."

"अन मागंच राहू दे," आई म्हणाली. "गावात शिरताना मागून सगळ्याईले दिसलं पाहिजे. लेक खाली हातानं नाई आली."

यावर कोणती आकृती काढून दाखवणार? मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. आईने लोकांच्या धानाच्या बांधीत चिखलात वाकून रोवणी करून मला शिकवलं. ते उपकार फेडायचे म्हणून मी घरी सतत काहीतरी समजावून सांगत असतो. कुकरची शिट्टी, पंख्याचा वेग, आरशाला धरलेली वाफ. घरचे ऐकून घेतात. (आपल्याच पैशाने घेतलेली वस्तू आवाज करते, तर करू द्यावा, या भावनेने.)

मी मोबाइल काढला. जड ट्रॉली पिकअपने कशी ओढावी यावर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ सापडला. त्याची ट्रॉली चकचकीत, रस्ता चकचकीत, तो स्वतः चकचकीत. तो सांगत होता तेच मी सांगत होतो: भार समोर हवा. सामान समोर नेता येत नव्हतं. मग समोर नेता येईल असं आणि आपल्या पायांनी चालत जाईल असं जड घरात काय होतं? माझी नजर अंगणातल्या खाटेकडे गेली.

तर काका. रागावले, फुगले, पण मंडई चुकवणारा माणूस नव्हे तो. पिकअपच्या केबिनमध्ये बाबा, आई आणि मी बसल्यावर जागा नव्हतीच. "बसतो," ते म्हणाले, "पन मी भाऊचा भाऊ मनून बसून राहिलो. तुझा गोटा मनून नाई, बीएस्सी!"

निघताना दांड्याजवळ एक जाड साखळी मोकळी लोंबताना दिसली. दोन्ही टोकांना कड्या. कशासाठी असेल? गोऱ्या माणसाने व्हिडिओत ती उचलून दाखवली, तोंड उघडलं, आणि रेंज गेली. त्याच्या तोंडापुढे एक गोल फिरत राहिला. मी माझी बुद्धी वापरली. मागची पोती ढिली वाटत होती, साखळी मजबूत होती. मी ती काढून पोत्यांभोवती आवळून बांधली. (ती साखळी, ट्रॉली सुटली तर तिला पिकअपशी धरून ठेवण्यासाठी असते, हे वाक्य त्या माणसाने पुढच्याच क्षणी उच्चारलं असणार. त्याचा दोष नाही.)

"पोट्टा हुशार हाये," आई म्हणाली. तिने त्या दिवशी मोरपंखी पातळ नेसलं होतं, जे मी माझ्या पदवीदानालाही पाहिलं नव्हतं.

कालव्याच्या रस्त्याने गाडी छान चालली. जंगल लागलं, रस्त्यात खड्डे लागले, आणि ट्रॉली डोलू लागली. आधी जराशी, म्हशीच्या शेपटीसारखी. मग बाबांनी वेग वाढवला आणि शेपटी म्हशीला हलवू लागली.

"मागून कोन ढकलून राहिलं बे?" बाबा स्टिअरिंगला लोंबकळत ओरडले.

"बाबा, वेग कमी करा!"

"चढ हाये. कमी केला तं चढन का?"

इतक्यात माझा फोन वाजला. काकांचा. ट्रॉलीतून!

"हॅलो! बीएस्सी! तुझ्या बापाले सांग, मी अजून जित्ता हाव!"

"काका, थोडं उजवीकडे सरका."

"उजवीकडं? मी आता डावीकडं होतो, मंग उजवीकडं होतो, आता कुठी हाव ते मलेच मालूम नाई! एक कोहळं माह्या मां…" आणि रेंज गेली. कोहळ्याने नेमकं काय केलं ते कळलं नाही.

"काय मनते?" आईने विचारलं.

"बरे आहेत."

"कोहळे फुटले का विचार."

चढ संपला तिथे बाबांनी गाडी थांबवली. खाली उतार, उताराच्या पायथ्याशी तलावाची पाळ, आणि पाळीला लागून मामाचं गाव दिसत होतं. पिपाणीचा आवाज वरपर्यंत येत होता. आई खिडकीतून एकटक खाली बघत होती. "तो पिंपळ दिसला का? त्याच्या मागं आमचं घर."

काका ट्रॉलीतून उतरले. उतरले म्हणजे जमिनीला लागले. अंगावर पोहे, कानात पोहे. त्यांनी पोहे झटकले. आपली चप्पल शोधली, एकच सापडली, ती घातली.

"काका, आता उतार आहे. उतारावर तर तुम्ही फार आवश्यक आहात!"

"मी पायदळ येतो."

"पण समतोल…"

"तुझ्या समतोलाची आन! तुझ्या कालेजची आन! मी जंगलातून जाईन. अस्वल भेटलं तं त्याच्या संगं जाईन. पन तुझ्या ट्रॉलीत पाय ठेवनार नाई!" आणि ते एका चप्पलेने खरंच झाडीत शिरले.

"चाला ना वो," आई बाबांना म्हणाली. "मंडई सुरू झाली. आरामानं उतरू."

आम्ही आरामानेच उतरलो. हे मी आजही शपथेवर सांगेन. हूकातल्या पिनेची क्लिप कधीच हरवली होती. तिच्या जागी बाबांनी वायरीचा तुकडा पिळून लावला होता. समोरचा भार (म्हणजे काका) गेल्यामुळे दांडा हूकात सारखा वर उसळत होता. पाळीजवळ रस्ता वळतो. तिथे एक खड्डा आला. ठक्क! पिकअप वळला. ट्रॉली वळली नाही.

उतारामुळे तिचं नाक लहान चाकावर टेकलं आणि ती आमच्या खिडकीशेजारून, रस्ता सोडून, सरळ मंडईच्या मैदानाकडे निघाली.

बाबांना वाटलं कोणीतरी ओव्हरटेक करतंय. त्यांनी हॉर्न दिला.

"अवो, तो आपलाच हाये!" आई किंचाळली.

कबूल करायला हवं, की सबंध प्रवासात ट्रॉली पहिल्यांदाच अगदी सरळ चालली होती. डोलली नाही, हिंदकळली नाही. मैदानावर "हटा, हटा!" झालं. ऊसवाल्याने आपल्या मोळ्या सोडून उडी मारली. लोक दुभंगले आणि आईचं माहेरचं सामान, साखळीने व्यवस्थित बांधलेलं, सगळ्या गावाला दिसेल असं, वाजतगाजत आत गेलं. शेवटी मऊ मातीत वेग सरला आणि ट्रॉली नाटकाच्या स्टेजच्या कोपऱ्याला जाऊन टेकली. टेकलीच फक्त. पण स्टेजचा बांबू निसटला, राजवाड्याचा पडदा खाली आला, आणि हिसक्याने साखळीतून सुटलेले कोहळे एकामागून एक स्टेजवर गडगडत गेले. तिथे मंडईच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून मामा उद्घाटनाचं भाषण करत होता. पहिला कोहळा त्याच्या पायाशी थांबला.

कोणाला खरचटलंही नाही. देवाची कृपा. माझी नव्हे.

आम्ही धावत पोहोचलो तेव्हा मामा माइकमध्ये विचारत होता, "कोनाची ट्रॉली हाये हे?"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "तुमच्या जवायाची!"

मामाने आमच्याकडे पाहिलं. बाबांकडे, माझ्याकडे, मग मोरपंखी पातळाकडे. त्याने ओळखलं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आणि तो माइकमध्ये म्हणाला, "जवाई नोहोय. तो जनरेटरवाला हाये."

लोक हसले. कर्ण्यातून ते वाक्य तलावावर गेलं आणि तिकडून परत आलं.

मग मला एक गोष्ट खटकली. माइक चालू होता. स्टेजवरचे दिवे, सूर्य मावळायच्या आतच, लखलखीत लागलेले होते. कशावर? मी स्टेजमागे जाऊन पाहिलं. तिथे एक नवाकोरा, बंद पेटीतला, मांजरीसारखा घुरघुरणारा मोठा जनरेटर उभा होता. देवरी गावच्या डेकोरेशनवाल्याचा. सकाळपासून आलेला.

आई एव्हाना स्टेजवर चढली होती. ती कोहळे उचलून एका बाजूला नीट मांडत होती. जणू मंडळाने तिला त्याच कामाला बोलावलं होतं. मांडून झाले तशी ती मामासमोर उभी राहिली.

"दादा, जनरेटर होता तुमच्यापासी?"

"होता ना."

"मंग आमचा कायले बलावला?"

"स्टँडबाय लागते ना. नाटकवाल्याईची अट असते. एक बंद पडला तं दुसरा पाहिजे."

आईने विचारलं, "अन मले?"

मामाने माइकवर हात ठेवला. पण हात नीट बसला नाही, आवाज कर्ण्यातून गेलाच. "तू तं," तो म्हणाला, "त्याच्या संगं आलीच असती."

या वाक्यावर मात्र कोणी हसलं नाही. मामी मधे पडली. मामी स्वभावाने वाईट नाही. तिने ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, पोती दाबून पाहिली आणि म्हणाली, "तांदूर नाई सांडला, बरं झालं. पोट्ट्याईहो, हे सगळं आपल्या घराकडं नेऊन टाका. शांताबाई, तुमी इथंच बसा, चाय पाठवतो. घरी पावने लय हायेत. पाय ठेवाले जागा नाई."

पोत्यांना जागा होती. पिंपळामागच्या घरात पोती गेली, पोहे गेले, चिवड्याचे डबे गेले, कोहळे गेले. आई चहाच्या कपासोबत स्टेजच्या पायरीवर बसून राहिली. तिच्याजवळ केबिनमधून आणलेलं एक लहान पितळी ताट होतं, कापडाने झाकलेलं. त्यात ओवाळणीचं साहित्य होतं. पातळासारखंच तेही मी पहिल्यांदा पाहत होतो.

मामा एकदाच पायरीजवळून गेला. आईने कापड बाजूला केलं, निरांजनात वात सरळ केली.

"दादा, दोन मिनिटं."

"आता नाई वो, पाहुने आले. नाटक सुरू झालं का मंग पाहू."

बाबा जनरेटरपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एक वायर खोलली आणि पुन्हा जोडली. काही काम नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "शांता, थांबाचं का? स्टँडबायले रातभर थांबा लागते."

आईने ताटावर कापड परत टाकलं. "चाला."

बाबांनी पिकअप मैदानात आणला. मी हूकाला मंडईतून आणलेली नवी पिन लावली, तिला क्लिप लावली, साखळी (आता रेंज होती, मी व्हिडिओ पूर्ण पाहिला होता) जिथे लावायची तिथे लावली. मामा लगबगीने आला. "जाऊन राहिले? अन स्टँडबाय?"

"दुसरा पाह्य," आई म्हणाली.

"अन हे तांदूर गिंदूर…"

"राहू दे. लेकीनं आनलेलं वापस नेत नाईत." आणि ती केबिनमध्ये चढून बसली.

पाळीच्या वळणावर काका भेटले. एका चप्पलेने, हातात झाडाची फांदी, मंडईकडे निघालेले. अस्वल भेटलं नव्हतं. बहुधा ते आधीच पुढे गेलं असावं.

"काऊन? झाली का मंडई?"

"झाली," बाबा म्हणाले. "बस मागं."

काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कुठी बसू? समोर?"

"कुठेही बसा, काका. आता गरज नाही."

खरंच नव्हती. शेपटीवर काही उरलंच नव्हतं. चढ आला, उतार आला, सगळे खड्डे आले. ट्रॉली जराही डोलली नाही. बाबा एका हाताने गाडी चालवत होते. मला राहवेना. इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कधी झालं नव्हतं!

"पाहिलं का आई? माहेरचं सगळं उतरवलं आणि गाडी कशी सरळ चालली! मी सकाळपासून हेच सांगत होतो."

आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, मुद्दा नीट पोचला नसेल. म्हणून मी तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मागचा भार, पुढचा भार, मधला टेकू. तिच्याच मांडीवरच्या ताटाखाली बोट धरून ते तोलूनही दाखवलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घराण्यात पहिल्यांदाच माझं शास्त्र कोणाच्या तरी काळजाला भिडलं होतं. मी घर येईपर्यंत शिकवत राहिलो.